रंगमंचाकडे पाठ करून बसणारे डोमाजीकाका

रविवार, १७ नोव्हेंबर, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. नागपूरच्या नाट्यगृहात तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, आणि आमच्या रांगेतल्या डोमाजीकाकांनी खुर्चीतल्या खुर्चीत वळून रंगमंचाकडे चक्क पाठ केली. नाटकाला येऊन प्रेक्षक पाहत बसणारा दुसरा मनुष्य माझ्या माहितीत नाही.

नागपूरच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या गावांचे मिळून आमचे एक मंडळ आहे. अधूनमधून बस ठरवून आम्ही नागपूरला नाटक पाहायला जातो. मी बोरगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते आणि यंदापासून या मंडळाची सचिव आहे. काका सौंसरच्या जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यातून, निवृत्त झालेले फिटर. पांढरा सदरा, तेल लावून बसवलेले केस, आणि चेहऱ्यावर नुकतीच चोरी पकडल्याचा भाव.

त्यांचे संशयास्पद वर्तन नाट्यगृहात संपत नसे. परतीच्या बसमध्ये ते एकेका आसनाशी उभे राहून उलटतपासणी घेत. "तो पोट्टा दारातून आला, तवा तुम्ही काऊन हासले जी?" उत्तर मिळाले की लगेच पुढचा प्रश्न, "मंग तो काय बोलला?" कोणी विसरलो म्हणाले, तर काका डोळे बारीक करत. "हासून विसरते का माणूस?"

पुरुषांच्या मते काका कोणासाठी तरी माहिती गोळा करत होते. कोणासाठी आणि कसली, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. स्त्रियांचा संशय अधिक गंभीर होता. पांढुर्ण्याच्या कल्पनाताईंनी मला सरळ बजावले, "तिकीट नाटकाचं काढते अन् आमची तोंडं पाहून राहिला हा बुढा. पुढच्या खेपेले तो असंन, तर आम्ही बाया नाही येत." काकांना सहलीतून वगळण्याचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत येणार हे निश्चित झाले.

निष्कर्षाआधी निरीक्षण, ही माझी सवय. त्या रविवारी मी नाटक सोडून काकांना पाहिले. हशा उसळे तिकडे त्यांची नजर जाई, मग तिथे पुरुष असो वा स्त्री. गंभीर प्रसंगी ते मुकाट्याने रंगमंचाकडे वळत. एकदा मात्र सारे सभागृह स्तब्ध असताना कल्पनाताई एकट्याच पदर तोंडाला लावून हसल्या. काकांनी ते अचूक टिपले.

बसमध्ये त्यांनी गाठलेच. "तिथं तं कोणीच नोतं हासलं. तुम्ही काऊन हासल्या जी?"

"चपलेपायी," कल्पनाताई संतापून म्हणाल्या. "माही चप्पल समोरच्याच्या खुर्चीखाली गेली, अन् आमचे हे वाकून अंधारात दुसऱ्याचाच पाय ओढून राहिले होते. झालं समाधान?"

काकांनी दोनदा "चप्पल?" असे विचारून खात्री करून घेतली आणि प्रसन्न मुद्रेने जागेवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर काकांची बाजू ऐकण्यासाठी मी त्यांच्या घरी गेले. दार उघडे होते. अर्धांगवायू झालेल्या काकू पलंगावर उशांना टेकल्या होत्या. काका जमिनीवर ओणवे होऊन पलंगाखाली हात घालत होते. "अन् तो इन्स्पेक्टर, चप्पल समजून कोणाचा तरी पायच ओढून राहिला."

काकूंच्या ओठांची एकच बाजू हलली. मग खांदे गदगदू लागले. नाटकात चप्पल नव्हती. इन्स्पेक्टर तर शेवटपर्यंत अत्यंत गंभीर होता.

मला पाहून काका उठले आणि अंगणात आले. स्टेजकडे का पाहत नाही, हा प्रश्न मला तीनदा विचारावा लागला, तिसऱ्यांदा अगदी कानाशी.

"जिनिंगच्या खडखडाटानं कान खाल्ले, पोरी. कानाची मशीन हॉलात नुसती शिट्टी मारते. कोण आला, कोण गेला, ते दिसते मले. पण हासाचं कुठं, ते लोकायच्या तोंडावरच समजते." त्यांनी घराकडे पाहिले. "हिले नाटकाचा लय शौक. आता बसमधी बसवत नाही. मी पाहून येतो अन् करून दाखवतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कानाचं मंडळात नोको सांगू. बहिऱ्याले कोण नेईन नाटकाले?"

मी कल्पनाताईंना कानांविषयी काहीच सांगितले नाही. काकूंविषयी आणि चपलेविषयी तेवढे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले,

"लय हासली का वं ते?"

"हो."

"मंग पुढच्या खेपेले काही तं हासाजोगं करा लागंन मले," त्या म्हणाल्या.

बैठकीत तो प्रस्ताव आलाच नाही. पुढच्या नाटकाची आसने नोंदवताना मी पहिल्या रांगेतली कोपऱ्याची खुर्ची मागून घेतली. तिथून मागे वळले की सारे सभागृह समोर येते. डोमाजीकाकांच्या नावापुढे मी आसनाचा क्रमांक लिहिला: १.