जोगळेकरबाई कॉम्प्युटर बंद करू देत नाहीत

आमच्या रक्तपेढीतला एकमेव टेबलफॅन जोगळेकरबाईंच्या कॉम्प्युटरकडे तोंड करून असतो. बाई स्वतः भर मे महिन्यात पदराने वारा घेतात. "मला नुसता घाम येतो. तो बंद पडतो," हे त्यांचं स्पष्टीकरण.

कोथरूडमधल्या या रक्तपेढीचे कॉम्प्युटर सांभाळणं माझं काम. बाकी सगळ्यांवर नवी सिस्टीम कधीच आली. कुठल्या गटाची पिशवी शिल्लक आहे हे सांगणारा बाईंचा कॉम्प्युटर तेवढा जुनाट.

"बाई, कंपनीने या सिस्टीमकडे बघणं सोडलंय."

"मीही पुष्कळांकडे बघणं सोडलंय. मजेत जगतात."

एकदा रविवारी गुपचूप अपग्रेड करायला गेलो, तर बाई खुर्चीत बसलेल्या. "या. वाटच बघत होते."

शेवटी संचालकांनीच बाईंना दम भरला. मी सगळी माहिती दुसरीकडे उतरवून घेतली आणि दुपारी अपग्रेड सुरू केलं. बाई माझ्या मानेमागे उभ्या. निम्म्यावर स्क्रीन काळा झाला. मशीन सुरू होई, पुन्हा बंद पडे.

तेवढ्यात हेल्मेट हातात घेऊन एक तरुण धावत आला. बायको बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह हवं होतं.

"सिस्टीम बंद आहे," मी म्हणालो. "जरा थांबा."

"मुळीच थांबू नका!" बाई केवढ्याने ओरडल्या. मला ढकलून त्या आत गेल्या, शीतकपाट उघडलं आणि एकेका पिशवीवरची चिठ्ठी वाचू लागल्या. पिशवी सापडली. डॉक्टर रक्त जुळवून बघेपर्यंत बाई त्या तरुणाचा हात धरून बसल्या. "मुलगी की मुलगा? नाक कोणासारखंय?" त्याला त्यांनी गप्प बसूच दिलं नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला. बायको शुद्धीवर आली होती. तोवर नवी सिस्टीमही चालू झाली होती.

"बाई, झालं बघा," मी म्हणालो.

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही.

"आमच्या ह्यांच्या वेळी मला एका रक्तपेढीत 'सिस्टीम बंद आहे, जरा थांबा' म्हणाले होते," त्या पर्स आवरत म्हणाल्या. "मी आपली शहाण्यासारखी बाकावर बसून राहिले."