तात्काळ तेजाची कार्यपद्धती

चेहरा ही माणसाची अशी एकमेव मालमत्ता आहे, की जी मालक सोडून साऱ्या जगाला दिसते. तेव्हा तिची डागडुजी जगाला विचारूनच करावी, हे ओघाने आलं. आमच्या भागात ही जबाबदारी एका सौंदर्यशिल्प केंद्राने शिरावर घेतली आहे, त्याबद्दल त्या संस्थेचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

केंद्राचे चालक स्वतःला चेहराशिल्पी म्हणवतात. पूर्वी ते गाड्यांच्या पत्र्यावरचे पोचे काढत. (पोचा तो पोचा, गाडीचा काय नि गालाचा काय.) पुढे एका हॉटेलच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारचं प्रशिक्षण घेऊन त्यांनी सुरकुत्यांत जेल भरायला सुरुवात केली. रविवारी जेवणानंतर ‘धोके आणि उपाय’ हा तास होता. त्या वेळी ते बाहेर प्रमाणपत्र हातात धरून फोटो काढून घेत होते.

केंद्राची कार्यपद्धती अभ्यासण्यासारखी आहे. जेल भरायला दोन हत्यारं मिळतात: एक टोकदार सुई, आणि दुसरी लांब, बोथट तोंडाची नळी. वाटेत रक्तवाहिनी आली तर नळी बहुधा बाजूने सरकते, सुई सरळ आत घुसते. सर्वंकष विचारान्ती केंद्राने सुई निवडली. ‘आमच्याकडे सगळं बोथट आहे’ असं फलकावर लिहिलं तर गिऱ्हाईक फिरकेल का? सुई टोचल्यावर दट्ट्या जरा मागे ओढून रक्त येतंय का ते पाहावं, असंही म्हणतात. केंद्रात पाहत नाहीत, कारण दिसलं तर थांबावं लागतं. जेल थेंबाथेंबाने सावकाश सोडावं, हा आणखी एक जुनाट विचार. पण मोबाइलवर थेट प्रक्षेपण चालू असताना थेंब मोजत कोण बसणार? राहता राहिलं जेल विरघळवणारं औषध. जेल भलतीकडे गेलं तर ते हाताशी असावं म्हणे. भरायच्या दुकानात रिकामं करायचं औषध? शुभ बोल रे नाऱ्या! केंद्राच्या फ्रिजमध्ये थंड पट्ट्या असतात, आणि स्वागतिकेचा जेवणाचा डबा.

निकाल बोलका आहे: शंभरातल्या एकशे चार जणी समाधानी. (चौघींनी ओठ दोनदा भरले, म्हणून त्या दोनदा मोजल्या.)

अशा ठिकाणी मी माझ्या वहिनींना स्वतः स्कूटरवर बसवून घेऊन गेलो. आमच्या घरात खदाखदा हसणारं माणूस एकच, ते म्हणजे वहिनी. त्या हसण्याने नाकापासून ओठापर्यंत दोन घड्या पडल्या होत्या. ऑफिसच्या मीटिंगा पडद्यावर व्हायला लागल्या आणि साहेबांनी दोनदा विचारलं, “बरं नाही का वाटत?” झालं. त्या घड्या बुजवायच्या ठरल्या.

“भावजी, तुमच्या दादांना आत्ता काही बोलू नका हं,” त्या म्हणाल्या. “बघू तरी ओळखतात का.”

सुई गेली, जेल गेलं. बघता बघता त्यांची उजवी नाकपुडी आणि वरचा ओठ खडूसारखा पांढराफटक पडला.

स्वागतिकेने टाळ्याच वाजवल्या. “अय्या! लगेच ग्लो!”

शिल्पींनी तत्परतेने फोटो काढून जगाकडे पाठवला. बाहेर बसलेल्या दोघी आत डोकावल्या आणि आम्हालाही नेमका हाच रंग हवा म्हणाल्या. डावी बाजू तेवढी उजळली नव्हती, तेव्हा तिथे दुप्पट जेल भरावं असा ठरावही पुढे आला.

“अहो, पण ठणकतंय,” वहिनी म्हणाल्या. “फार ठणकतंय.”

“सुंदर दिसायचं तर थोडं सोसायला हवं, मॅडम,” असं म्हणून शिल्पींनी नाकावर थंड पट्टी ठेवली.

वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. “भावजी, मला इथून न्या.”

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नाकपुडी बोटाने दाबली आणि सोडली. दाबलेल्या जागी रंग परत यायला हवा होता. आला नाही. उलट आता तिथे जांभळी जाळी उमटत होती.

“जेलने रक्त अडलंय, आणि ही रक्तवाहिनी डोळ्यापर्यंत जाते. विरघळवायचं औषध दिलं का त्यांनी?”

“थंड पट्टी दिली,” मी म्हणालो.

बाईंनी ते औषध सुईत भरलं. (शिल्पींबद्दल मी बोललो असतो, पण ते छापण्याजोगं नसतं.) त्या टोचत राहिल्या, आणि वहिनी एकच विचारत राहिल्या, “डोळा तर जाणार नाही ना हो?”

डोळा वाचला. नाकपुडीची कड काळी पडली आणि तिचा एक तुकडा गेला. दादांनी लगेच ओळखलं. वहिनी आता हसू आलं की आधी पदराने तोंड झाकतात, आणि तेवढ्यात हसू विरून जातं. घड्या पडायची आता भीती नाही. केंद्राच्या दृष्टीने उपचार शंभर टक्के यशस्वी.

मी फोटो काढून टाकायला लावायला गेलो. तावातावाने गेलो, खोटं कशाला सांगू. दारात रांग होती. ‘तात्काळ तेज’ असं लिहून वहिनींचा तो पांढराफटक चेहरा फलकभर मोठा केला होता. शिल्पी जराही चिडले नाहीत. त्यांनी मोबाइल माझ्या पुढ्यात धरला. “लोकांना आवडलाय, साहेब. मी कोण काढणारा? बदाम बघा किती पडलेत.”

मी बघितलं. बदाम देणाऱ्यांची नावं एकेक करून वाचली. तुमचंही होतं. खाली तुम्ही लिहिलं होतं, “किती गोड! कुठे केलं? पत्ता पाठवा ना.”