वेंडेलचा मासा कशावर आला?

वेंडेल टिडमोरच्या हातात कुठलं आमिष द्यायचं यावरून त्याच्या शवपेटीपाशी वाद सुरू झाला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. दहा वाजता चर्चचं दार उघडून लोक अंत्यदर्शनाला येणार होते आणि अकराला पेटीचं झाकण बंद होणार होतं. वेंडेल निळ्या सुटात, पोटावर हात ठेवून शांत पडला होता. बास माशाचा विषय निघाला आणि वेंडेल गप्प राहिला, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

खरं तर मागणी साधी होती. आदल्या दिवशी त्याच्या बायकोनं, नेडीननं, त्याच्या तिन्ही मित्रांना फोन केला होता. "ज्यावर तो मोठा मासा आला, तेच आमिष त्याच्या हातात गेलं पाहिजे," ती प्रत्येकाला म्हणाली. "दुसरं काही गेलं तर मला चैन पडणार नाही. तुला त्यानं जे सांगितलं असेल ते उद्या घेऊन ये."

मोठा मासा म्हणजे कुठला, हे आमच्या तलावावर विचारावं लागत नाही. एकतीस वर्षांपूर्वीच्या मार्चमधला, अकरा पौंड चार औंसांचा. धक्क्यावरच्या दुकानात त्याचा फोटो अजून लावलेला आहे. वेंडेलनं मासा दोन्ही हातांनी धरलाय, आणि चेहरा मात्र असा की त्यालाच कुणीतरी धरलंय. लोक म्हणत, बघा, एवढा मासा आला तरी माणसाला गर्व नाही.

तो मासा कशावर आला हे वेंडेलनं चारचौघांत कधी सांगितलं नाही. त्यात वावगं काही नव्हतं. आलाबामाच्या या टोकाला माणूस आपला पगार सांगेल, ऑपरेशन कुठं झालं ते शर्ट वर करून दाखवेल, पण आमिषाचा रंग सांगणार नाही. एखाद्यावर अगदीच जीव असेल तर त्याला सांगतो, तेही खांद्यावर हात ठेवून आणि शपथ घालून. वेंडेलनंही एकालाच सांगितलं होतं. अडचण एवढीच होती की तो एक म्हणजे आपण, असं तिघंही धरून चालले होते.

डेल्मर प्रूइट जन्मभर टपाल वाटून आता घरी बसलेला. त्यानं रुमालातून एक लाल, खेकड्याच्या रंगाचा लाकडी मासा काढला. त्याच्या पोटाला पुढं-मागं तीन-तीन काट्यांचे दोन गळ लोंबत होते.

"हा घ्या," डेल्मर म्हणाला. "फेब्रुवारी-मार्च, पाणी गढूळ, थंडी अजून मोडलेली नाही. लाल सोडून दुसरं काही टाकायचं नाही. त्याचे शब्द आहेत."

"त्याचे शब्द?" हॉइट साइजमोर म्हणाला. हॉइट गावातला न्हावी. त्यानं कोटाच्या खिशातून दहा इंची जांभळा रबरी गांडूळ काढला आणि ताणून सरळ केला. "हा तळाला टेकवायचा आणि हलवायचाच नाही. 'हॉइट, घाई करणाऱ्याला बास मिळत नाही.' माझ्या खुर्चीत बसून सांगितलंय त्यानं. गळ्यावर वस्तरा असताना माणूस खोटं बोलत नाही रे."

सेसिल व्हिकरी हा चर्चच्या कारभारी मंडळातला. तो इतका वेळ नुसता मान हलवत होता. आता त्यानं तळहात उघडला. त्यावर हिरवा रबरी बेडूक बसला होता.

"बेडूक?" डेल्मर म्हणाला. "मार्चमध्ये? अरे, पाण्यावर तरंगणारं आमिष मे उजाडल्याशिवाय कोण टाकतं?"

"कुणीच टाकत नाही," सेसिल गंभीरपणे म्हणाला. "म्हणून तर ते गुपित."

चर्चमध्ये आवाज चढवता येत नाही, त्यामुळं पुढची दहा मिनिटं तिघंही दात आवळून भांडले. शेवटी डेल्मरनं ठरवलं की बोलण्यात काही अर्थ नाही. त्यानं वेंडेलची बोटं हळूच उचलली आणि लाल मासा खाली सरकवला. पुढचा गळ वेंडेलच्या बाहीत आणि पेटीच्या सॅटिनमध्ये रुतला. डेल्मरनं हात मागं ओढला, तर मागचा गळ त्याच्याच कोटाच्या बाहीत.

"सर बाजूला, तुझ्यानं व्हायचं नाही," हॉइट म्हणाला. न्हाव्याचा हात स्थिर असतो हे खरं, पण गळाला त्याचं काय? मागच्या गळाचा दुसरा काटा हॉइटच्या बाहीत गेला.

सेसिलनं खिशातून पक्कड काढली. आमच्याकडे लोक चर्चला येताना प्रार्थनेचं पुस्तक विसरतात, पक्कड विसरत नाहीत. तो वाकला, त्याचा टाय पेटीत लोंबला, आणि पुढच्या गळाचा मोकळा राहिलेला काटा टायमध्ये आरपार गेला. दचकून तो सरळ व्हायला गेला तेव्हा पक्कड हातातून निसटून वेंडेलच्या कमरेपलीकडे कुठंतरी पडली.

"ओढू नका," डेल्मर कुजबुजला. "ओढलं की त्याचा हात वर येतो."

खरंच येत होता. एकदा तर वेंडेलनं कुणाला तरी निरोप द्यावा इतका वर आला. तिघांनी ओढणं थांबवलं, आणि तेवढ्यात मागं चर्चचं दार उघडलं.

"आता?" हॉइटनं विचारलं.

"माना खाली घाला," सेसिल म्हणाला. "रडतोय असं दाखवा."

रांग लागली. पहिल्या माणसानं पेटीवर ओणवे झालेले तीन म्हातारे पाहिले आणि टोपी काढून छातीशी धरली. दुसऱ्यानं त्यांच्या पाठीवर थोपटलं. नव्वदीच्या युला बीझलीबाई काठी टेकत आल्या आणि डेल्मरच्या कानाशी वाकल्या.

"रड बाळा," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं टपाल टाकलंस, पण तुला आतून काही असेल असं मला वाटलं नव्हतं."

"आभारी आहे, मिस युला," डेल्मर सॅटिनमध्ये तोंड खुपसून म्हणाला.

पादरी ब्रदर गेन्स यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. असं प्रेम आपण सत्तावीस वर्षांच्या सेवेत पाहिलं नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि तिघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. ब्रदर गेन्स एरवी मोजकं बोलतात. त्या दिवशी ते बायबलातल्या योनाला गिळणाऱ्या माशापासून सुरू झाले.

प्रार्थनेखाली तिघांचं बोलणं चालू होतं.

"तुला कधी सांगितलं त्यानं?" हॉइटनं विचारलं.

"मासा धरला त्याच्या दुसऱ्या वर्षी," डेल्मर म्हणाला. "तुला?"

"माझी बायको गेली त्या हिवाळ्यात. म्हणजे नंतर दहा वर्षांनी. सेसिल?"

"पाच वर्षं झाली. माझ्या हृदयाचं झालं तेव्हा. दवाखान्यात उशाशी बसून सांगितलं."

वर ब्रदर गेन्स योनाला अजून माशाच्या पोटातून बाहेर काढत होते.

"आणि या बेडकावर तुला किती आले?" डेल्मरनं विचारलं.

"मोठा एकही नाही."

"हॉइट?"

"एक कासव आलं होतं."

एकोणतीस वर्षं दर फेब्रुवारीत, बोटं बधिर होईपर्यंत, डेल्मर हा लाल मासा गढूळ पाण्यातून ओढत आला होता. मासा आला नाही तर आपलंच काही चुकतंय असं समजून पुन्हा टाकत आला होता. आता त्याला खरंच रडू आलं, आणि ते वेंडेल गेला म्हणून नव्हतं.

"आपल्याला बनवलं त्यानं," तो म्हणाला. "तिघांनाही. मित्र म्हणवून घेत होता. मी पेटीला हात लावणार नाही. दुसरा कुणीतरी बघा उचलायला."

"हळू बोल."

"हळूच बोलतोय. पण उचलणार नाही म्हणजे नाही. मोकळा झालो की घरी जाणार."

पेटी सहा जणांनी उचलायची असते, आणि पुढच्या दोन कड्या डेल्मर आणि हॉइटच्या. हॉइटनं त्याला समजवावं, तर तोही म्हणाला, "मग मीही नाही." सेसिल देवाधर्माचा माणूस, त्यानं क्षमेबद्दल काहीतरी सुरू केलं, पण बेडूक आठवून तोही थांबला.

पहिल्या बाकावरून नेडीन हे सगळं पाहत होती. एकोणपन्नास वर्षं ती बास धरणाऱ्याच्या घरात राहिली होती. पडदे, गालिचे, एकदा तर नाताळचा टर्की गळातून सोडवला होता तिनं. कोण रडतंय आणि कोण अडकलंय हे तिला पाठीवरून कळत होतं. प्रार्थना संपली, रांग सरली, तशी ती उठली.

"ब्रदर गेन्स, सगळ्यांना जरा बाजूच्या हॉलमध्ये न्याल? कोंबडी तळून आलीय, बटाट्याचं सॅलडही आहे. मला या तिघांबरोबर पाच मिनिटं हवीत."

दार लागलं. नेडीननं पर्समधून शिवणाची छोटी कात्री काढली. आधी सेसिलचा टाय कापला, मग डेल्मर आणि हॉइटची एकेक बाही. तिघंही कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाले. लाल मासा तिनं वेंडेलच्या बाहीतून आणि सॅटिनमधून सोडवून बाजूला ठेवला. गांडूळ पाहिला, बेडूक पाहिला.

"एवढंच सांगितलं त्यानं?" तिनं विचारलं. "आणखी काही नाही?"

"खूप झालं की," डेल्मर म्हणाला. "नेडीन, तुझा नवरा आमच्याशी खोटं बोलला."

"नाही बोलला," नेडीन म्हणाली. "त्याला माहीतच नव्हतं."

ती पेटीच्या काठावर हात ठेवून उभी राहिली.

"तो मासा माझा होता. त्या दिवशी मी नावेत मागं बसले होते. हा पुढं उभा राहून सकाळपासून पाण्याला शिव्या घालत होता. दुपारी किनाऱ्यावर झाडामागं गेला. मी म्हटलं, बघू तरी. त्याची जुनी गळाची काठी घेतली, मला आवडलं ते आमिष लावलं आणि टाकलं. हा पँट सावरत धावत आला तेव्हा मासा नावेपाशी होता. जाळं यानं घातलं, एवढं खरं."

"आणि फोटो?" हॉइटनं विचारलं.

"धक्क्यावर आलो तर तुम्ही सगळे होतात. 'वेंडेल, काय मासा धरलास!' म्हणून याला खांद्यावर घेतलंत. मला कुणी विचारलंच नाही. यानं तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मिटलं. घरी जाताना गाडीत मला विचारतो, 'तू लावलं काय होतंस?' मी म्हटलं, 'तुझा मासा आहे ना, तुला माहीत असायला हवं.'"

तिघांपैकी कुणाचीही मान वर नव्हती.

"एकतीस वर्षं शोधत होता," नेडीन म्हणाली. "एकदा लाल वाटलं, एकदा जांभळं. प्रत्येक वेळी 'सापडलं, सापडलं' करत नाचायचा. आणि त्या वेळी जो सगळ्यात जवळचा वाटेल त्याला जाऊन सांगायचा. माझ्याकडं येऊन विचारायचा, 'हेच ना?' मी मटार सोलत बसायची. जूनमध्ये लग्नाला पन्नास वर्षं झाली असती. तेव्हा सांगायचं ठरवलं होतं मी." ती थांबली. "तुम्हाला बोलावलं ते एवढ्यासाठीच, की मरायच्या आधी त्याला एकदा तरी बरोबर सुचलं होतं का, ते बघावं. नाही सुचलं. माझं फार चुकलं."

हॉइटनं जांभळा गांडूळ हळूच खिशात परत ठेवला.

"मासा धरला त्याच्या दुसऱ्या वर्षी," डेल्मर म्हणाला, "म्हणजे तेव्हा सगळ्यात जवळचा मी होतो?"

"तूच."

"नंतर दहा वर्षांनी मी झालो," हॉइटनं लगेच सांगितलं.

"गप रे," डेल्मर म्हणाला, आणि बाहीनं डोळे पुसायला गेला तर बाही नव्हती.

नेडीननं पर्समधून शिवणाच्या दोऱ्यांचा पत्र्याचा डबा काढला. त्यातून काहीतरी मुठीत घेतलं. त्याचे गळ तिनं आधीच काढून टाकले होते. तिघांच्या माना आपोआप पुढं झाल्या. नेडीननं मूठ घट्ट केली.

"निदान रंग तरी सांग, नेडीन," सेसिल म्हणाला.

"दुकानात मी ते उचललं तेव्हा हा हसला होता," ती म्हणाली. "म्हणाला, असल्या रंगावर बास काय, कावळासुद्धा यायचा नाही. त्यामुळं आधी त्याला सांगायचाय."

आयुष्यभर दुसऱ्याच्या नावेत डोकावत आलेले ते तीन म्हातारे, आपणहून चार पावलं मागं गेले आणि खिडकीबाहेर पाहत उभे राहिले. नेडीननं वेंडेलची बोटं उचलली, मूठ त्याच्या तळहातात रिकामी केली आणि बोटं पुन्हा मिटली. मग वाकून त्याच्या कानात बोलली. बोलणं लांबलं नाही.

अकरा वाजता ब्रदर गेन्स आत आले. डेल्मर आणि हॉइट पुढच्या कड्यांपाशी आधीच जाऊन उभे होते, दोघांनाही एकेक बाही कमी. ब्रदर गेन्स हळूच नेडीनजवळ गेले.

"मिस नेडीन," ते म्हणाले, "विचारू नये, पण शेवटचं काय बोललात त्यांच्याशी?"

"रंग सांगितला," नेडीन म्हणाली, आणि झाकण लावायची खूण केली.