झाडामागची सर्वसाधारण सभा

मनुष्यप्राणी समाजशील आहे, हे सर्वमान्य आहे. मात्र समाजाने आपल्याला शोधत घरापर्यंत येऊ नये, ही त्याची इच्छाही तितकीच प्राचीन आहे. या दोन सत्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत परदेशातली मराठी मंडळं चालतात.

आयर्लंडमधल्या लिमरिक गावच्या यशोधन करंदीकरला हे जरा उशिरा कळलं. तो वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियर होता. दिवसभर सदोष नळ्या नाकारणं हे त्याचं काम. नळीला ‘नाही’ म्हणताना त्याचा आवाज कधी कापला नाही. माणसाला ‘नाही’ म्हणायची वेळ आली की मात्र त्याच्या तोंडून “बघतो” एवढंच निघे, आणि शॅननकाठ मराठी मंडळाच्या पोटनियमांनुसार ‘बघतो’ म्हणजे ‘हो’. त्यामुळे मंडळाच्या खुर्च्या तो लावी, मोदक तो वाफवी, नव्या विद्यार्थ्यांना आणायला विमानतळावर तो जाई. एका दिवाळीला बालनाट्यातल्या घोड्याचे मागचे पायही तोच झाला होता. (मागच्या पायांच्या अभिनयाचं विशेष कौतुक झालं.)

मंडळाच्या अध्यक्षा सुलेखाताई वर्दे औषधांच्या कंपनीत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी शोधून काढणं हाच त्यांचा पेशा होता. यशोधन तर पावणेसहा फूट उंच होता.

अशा परिस्थितीत त्याच्या कंपनीने कर्मचाऱ्यांचं मनोबल वाढवण्यासाठी सर्वांना एक दिवस गावाबाहेरच्या रानात नेलं. विषय होता: ‘निंजा आणि वनस्पती’. शिकवायला डेक्लन नावाचा गृहस्थ होता. तो पूर्वी पोस्टमन होता आणि काही वर्षं जपानमध्ये राहून आला होता. (कुत्र्यांपासून लपणं हे त्याचं प्राथमिक शिक्षण, जपान हे उच्च शिक्षण.)

डेक्लनने सांगितलं की झाडपाल्याच्या आधाराने नाहीसं होण्याच्या विद्येला मोकुतोन म्हणतात. तिच्यात खोडाला चिकटून, बाहीने तोंड झाकून मूर्तीसारखं उभं राहता येतं. लावा पक्ष्यासारखं अंग गोळा करून झुडपाच्या बुडाशी पडून राहता येतं. झाडावर चढून बसता येतं, कारण पाठलाग करणारा माणूस सहसा वर बघत नाही. लढायची वेळ आलीच तर निंजा वाटेवर वाळलेले टोकदार शिंगाडे पसरत. हे ऐकून यशोधनला भरून आलं. जी वस्तू आपण चतुर्थीला दुधातून खातो, तिने कोणी शत्रूचे पाय फोडले असतील अशी त्याला कल्पनाच नव्हती.

पण खरा धक्का पुढे होता. निंजांमध्ये ‘गवत’ नावाचा एक प्रकार असे. हा हेर परमुलखात जाऊन स्थायिक होई, नोकरी धरी, संसार थाटी, मुलं तिथल्या शाळेत घाली आणि वर्षानुवर्षं वरून हुकूम येण्याची वाट बघे. (आपण आयर्लंडमध्ये नेमके का आलो, याचं पहिलं समाधानकारक उत्तर यशोधनला इथे मिळालं.)

प्रात्यक्षिकात बाकीचे इंजिनियर हसतखिदळत पाच मिनिटांत सापडले. यशोधन होली नावाच्या काटेरी झाडाच्या बुडाशी लावा होऊन पडला तो कोणालाच सापडला नाही. कंपनीची बस त्याला न घेताच गेली. काट्यांनी ओरबाडलेल्या गालांनी तो रस्त्यापर्यंत चालत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लग्नातही नव्हता एवढा आनंद होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणी शोधलं होतं आणि तो मिळाला नव्हता.

त्यानंतर सुलेखाताईंची गाडी गल्लीत वळली की यशोधन घरामागच्या सायप्रस झाडांच्या दाट कुंपणात शिरू लागला. निवेदिता, म्हणजे त्याची बायको, दार उघडून सांगे, “नाहीयेत हो घरी.” हे तांत्रिकदृष्ट्या खरं असे. एकदा मात्र त्यांची दहा वर्षांची मुलगी स्वराली बागेत चेंडू खेळत होती. ती कुंपणाकडे बघून मोठ्याने म्हणाली, “बाबा, युअर फूट इज स्टिकिंग आउट!” यशोधनने पाय आत घेतला. सुलेखाताईंनी दारातूनच हाक मारली, “ग्रँड! मग खुर्च्यांचं तेवढं बघाल ना?”

“बघतो,” कुंपण म्हणालं.

या पराभवानंतर त्याने आक्रमक धोरण स्वीकारलं. आख्खे शिंगाडे लिमरिकमध्ये मिळाले नाहीत, म्हणून त्याने निवेदिताच्या डब्यातलं उपासाचं शिंगाड्याचं पीठ फाटकासमोर पसरलं. सुलेखाताई त्यावरून चालत आल्या आणि चालत गेल्या. (पिठाला टोक नसतं, ही बाब नियोजनात सुटली होती.) त्या चतुर्थीला निवेदिताने त्याला निव्वळ पाण्यावर ठेवलं.

एका रविवारी तो कुंपणात उभा असताना शेजारची फांदी हलली आणि संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीतला हर्षवर्धन पत्की आत आला. त्याला गणपतीत गाणं म्हणायला सांगितलं होतं.

“सरक जरा,” तो कुजबुजला. “इथे रेंज येते का?”

विद्येचा प्रसार असाच होतो. पाहता पाहता यशोधनच्या परसात वर्ग भरू लागले. सुरुवातीला निवेदिता हसली. पण नाटक बसवायला तिचं नाव सुचवलं गेलं, तशी तीही लॉरेलच्या झुडपाआड श्वास रोखून उभी राहायला शिकली. वर्षभरात मंडळाचे ऐंशी टक्के सभासद दिसेनासे झाले. (उरलेले वीस टक्के आधीपासूनच दिसत नव्हते.) मंडळाची एकी इतकी कधीच नव्हती. पूर्वी दर बैठकीत भांडण व्हायचं. आता कोणी कोणाला दिसतच नसे.

जूनमध्ये शॅनन नदीकाठच्या बागेत सहकुटुंब सहल आणि वार्षिक सभा ठरली. सगळे आले, कारण जेवण होतं. जेवण झाल्याबरोबर पोरं हिरवळीवर खेळायला पळाली आणि मोठी माणसं नजर चुकवून एकेक करत झाडीत शिरली. यशोधनने सभेच्या जागेमागचं ऱ्होडोडेंड्रॉनचं दाट झुडूप धरलं. सुलेखाताईंनी माईक हातात घेऊन घसा साफ केला, रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं आणि झाडीकडे तोंड वळवलं.

“मला वॉटरफोर्डला नोकरी मिळाली आहे. पुढच्या महिन्यात आम्ही निघतोय,” त्या म्हणाल्या. “सात वर्षं झाली, दुसरं कोणी पुढे आलंच नाही. आजही नाही आलं तर मंडळ बंद करावं लागेल. मला वाईट वाटेल. पण मी दमलेय आता.”

झाडीत एक पान हललं नाही. यशोधनला मात्र जुनी गोष्ट आठवली. तो लिमरिकला आला त्या पहिल्या आठवड्यात तापाने फणफणला होता, तेव्हा ओळखदेख नसताना याच बाई वरणभाताचा डबा घेऊन त्याच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. कोणीतरी पुढे व्हायलाच हवं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. ते कोणीतरी कोण, हे पाहण्यासाठी तो कान देऊन उभा राहिला.

“अध्यक्षपदासाठी मी यशोधन करंदीकर यांचं नाव सुचवते,” सुलेखाताई म्हणाल्या. “ज्यांचा विरोध असेल त्यांनी समोर यावं.”

विरोध कोणाचाच नव्हता. असता तरी समोर यावं लागलं असतं.

“अभिनंदन,” शेजारच्या बर्चच्या झाडामागून हर्षवर्धन म्हणाला.

यशोधन पेचात पडला. तसंच उभं राहावं तर अध्यक्षपद, बाहेर यावं तर आजवरची तपश्चर्या फुकट. अखेर केसांत पानं अडकलेल्या अवस्थेत तो बाहेर आला. “ताई, माझा विरोध आहे. मला हे जमणार नाही,” तो म्हणाला. आयुष्यातलं पहिलं ‘नाही’ त्याने जिवंत माणसाला म्हटलं होतं.

सुलेखाताईंनी शांतपणे विचारलं, “म्हणजे आपण सभेला हजर आहात?”

“हो.”

“दुसरं कोणी हजर दिसतंय?”

यशोधनने इकडेतिकडे पाहिलं. “नाही.”

“मग हजर सभासदांतून आपली एकमताने निवड झाली आहे.” त्यांनी माईक त्याच्या हातात दिला, सतरंजीवर बसल्या आणि सात वर्षांत पहिल्यांदाच गार न झालेला चहा प्यायल्या. त्यांचा चेहरा इतका निवांत झाला होता की माईक परत करायचं यशोधनच्या जिवावर आलं.

मग त्याने झाडीकडे पाहिलं. या सगळ्यांना लपायला त्यानेच शिकवलं होतं. कोणाचं पोट कुठल्या खोडाबाहेर येतं, हे त्याला तोंडपाठ होतं.

“बर्चमागचे पत्की, खजिनदार,” तो माईकवर म्हणाला. बर्च थरथरला. “लॉरेलमधल्या सौभाग्यवती करंदीकर, नाटक. होलीच्या झाडावर बसलेले मोरेश्वरकाका, खुर्च्या. ज्यांचा विरोध असेल त्यांनी समोर यावं.”

कोणी आलं नाही. मंडळाच्या इतिहासात इतक्या वेगाने कार्यकारिणी कधीच बनली नव्हती. त्या वर्षी गणपती दणक्यात झाला आणि पत्की गायले.

एकच पद भरायचं राहिलं आहे, चिटणिसाचं. हा सगळा वृत्तान्त आपण पहिल्या वाक्यापासून एका जागी, न हलता, न बोलता वाचलात, आणि एकदाही विरोध नोंदवला नाहीत, याची अध्यक्षांनी कौतुकाने नोंद घेतली आहे. खुर्च्या शनिवारी सकाळी न्यायच्या आहेत.