गफूरचाचांची नायबंदी

औरंगाबादच्या तमाम सुज्ञ नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या गल्लीतल्या गफूर पेंटरच्या दुकानात 'नाय' म्हणणे हा गुन्हा होता आणि त्याची शिक्षा होती हजर असलेल्या सगळ्यांना चहा पाजणे. चाचांच्या दखनीत 'नक्को' म्हणालात तरी तीच शिक्षा. कायदा दोन्ही भाषांना सारखा!

गफूरचाचा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर असं वळणदार, की भांडायला आलेला माणूससुद्धा आधी पाटी वाचून घ्यायचा. पण पाटीवर लिहायचं काय, हे चाचांनी कधी एकट्यानं ठरवलं नाही. गिऱ्हाईक आलं की संध्याकाळी गल्लीला हाक जायची, "मशवरा है भाई, डोकी घेऊन या!" मग मी, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर शिंदेमामा, कोपऱ्यावरचा न्हावी आणि न्हाव्याची सासू, असे आम्ही रंगाच्या डब्यांवर बैठक मारायचो. कुणी काहीही सुचवावं, त्याला मोडता घालायचा नाही; चाचा ते पत्र्यावर खडूनं लिहीत. "आने दो, आने दो! कचरा बाद में चुनेंगे."

पहारा चाचांच्या लेकीकडे, शबानाकडे. तिची आई लवकर गेली. पोर रंगांच्या वासातच वाढली. कुणाच्या तोंडून 'नाय' निसटलं, की ती ब्रशच्या दांड्यानं रिकामा डबा बडवायची. ठण्ण! सगळ्यात जास्त डबा शिंदेमामांवर वाजे. जन्मभर 'जागा नाय, जागा नाय' म्हणून त्यांच्या जिभेला वळणच पडलेलं. एक ना एक दिवस चाचांनाच 'नाय' म्हणायला लावीन, असा त्यांनी विडा उचलला होता.

एकदा सिल्लोडचा एक चपलांचा दुकानदार आला. शिंदेमामांनी डाव टाकला. "लिहा चाचा, आमची चप्पल हमखास चोरीला जाते!"

दुकानदार उठून उभाच राहिला. चाचा मात्र खूश. "वा मामा, आने दो!"

न्हाव्यानं त्याला शेपूट जोडलं, सासूबाईंनी शब्द फिरवले, आणि पाटी झाली: 'देवळात जा, मशिदीत जा, आमची चप्पल मात्र सांभाळा!' दुकानदार हसत गेला. शिंदेमामा रुसून गेले.

मग शबानाला मुंबईच्या चित्रकलेच्या कॉलेजात जागा मिळाली. "अब्बा, तुम्ही एकटे पडाल," एवढंच धरून ती अडून बसली. चाचांनी मशवरा बोलावला.

"शबाना जा रही है," त्यांनी परस्पर जाहीर केलं. "माझा हात लई थरथरतो. बारीक अक्षरं तीच काढती. आता दुकान कसं चालवायचं? बोला."

"मोठ्या अक्षरांच्याच पाट्या घ्या," न्हावी म्हणाला.

"आने दो!"

"पाट्या सोडा, फाटकं रंगवा," मी म्हणालो.

"आने दो!"

"तुम्हीच जा की मुंबईला," सासूबाई म्हणाल्या.

"वो भी आने दो!"

चाचा लिहीत होते, पण आवाजात नेहमीची गंमत नव्हती. शबाना डबा मांडीवर घेऊन खाली मान घालून बसलेली.

शिंदेमामांना हे सोसेना. "कशाला एवढा मशवरा? पोरीला इथंच ठेवा. तिच्या बी मनात तेच हाय!"

खडू पत्र्याला टेकला. आम्ही सगळे त्या खडूकडे बघत होतो. एवढी एक ओळ लिहिली, की दुकान तसंच, संध्याकाळ तशीच, समोर पोरही तशीच. चाचांनी शबानाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खडू खिशात टाकला.

"नक्को," ते म्हणाले.

शबानाचा ब्रश वर गेला तो वरच राहिला. डबा मांडीवरच होता, पण तिला तो दिसत नसावा.

शेवटी शिंदेमामांनी टोपीनं डोळे पुसले आणि ते एकदम ओरडले, "अगं वाजव की डबा! आज चहा तुझ्या बापाकडं!"