अकरा वेळा अश्मयुग

मुलांना इतिहास शिकवला पाहिजे, याबद्दल जगातल्या कुठल्याही दोन शहाण्या माणसांत दुमत नाही. मतभेद आहेत ते एवढ्यापुरतेच, की तो शिकवताना डिंक कुठला वापरावा.

ही हकीकत ज्यांची आहे ते गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. बाजारात त्यांना ग्रॅमसाहेब म्हणत. (तोंडावर नुसतं 'साहेब'. 'ग्रॅम' त्यांची पाठ वळल्यावर जोडलं जाई.) माणूस सचोटीचा. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला अर्ध्या ग्रॅमची सूट दिली नव्हती, आणि घरी चहात साखर घालतानाही ते चमच्यावरचा ढीग सुरीने सपाट करून घेत. त्यांची बायको मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियागृहाची नर्स होती. माणसं शुद्धीवर यायची शांतपणे वाट बघत बसण्याचा तिला सराव असल्यामुळे संसार सुरळीत चालला होता.

त्यांना दोन मुलं. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सात वर्षांचा. थोरलीला शाळेत इतिहासात पैकीच्या पैकी गुण मिळाले, तेव्हा ग्रॅमसाहेबांनी खुशीत येऊन विचारलं, काय काय शिकलीस गं? थोरलीने बराच विचार केला आणि म्हणाली, "रिकाम्या जागा." आणखी खोदून विचारल्यावर 'जोड्या लावा' हेही झाल्याचं कळलं. त्याच आठवड्यात दोन्ही मुलांची नावं शाळेतून काढण्यात आली.

घरशाळेचा कारभार सोपा असतो. शिक्षण कार्यालयात अर्ज द्यायचा, तीन महिन्यांनी तपासणी होते, आणि अभ्यास असमाधानकारक आढळल्यास मुलं परत शाळेत जातात. सकाळी आईने शिकवायचं आणि दुपारी, बाजाराची फेरी आटोपल्यावर, बाबांनी, असं ठरलं. गणिताचं पुस्तक एका संध्याकाळी ठरलं. भाषेचं दोन दिवसांत ठरलं. विज्ञानाचा निर्णय बायकोने कपडे वाळत घालता घालता घेऊन टाकला. इतिहास मात्र ग्रॅमसाहेबांनी स्वतःकडे ठेवला. माझ्या मुलांच्या इतिहासात रिकामी जागा राहणार नाही, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. इतिहास मुलांच्या हातांतून जाईल, म्हणजे हाताने करून शिकवला जाईल, असा खुलासाही लगेच केला.

हाताने करून शिकण्याच्या इतिहासाला कृतियुक्त इतिहास म्हणतात. या क्षेत्राने अलीकडे जी प्रगती केली आहे ती पाहून कुणाचीही छाती दडपून जावी. ग्रॅमसाहेबांनी नमुने मागवले, तर पंधरवड्याच्या आत अकरा खोकी दारात आली. एकात अंड्यांच्या पुठ्ठ्यांपासून किल्ला करायचा होता. दुसऱ्यात बटाटा मिठात पुरून त्याची ममी करायची होती. (सोबत बटाट्यासाठी शोकगीत होतं. ते दोन चालींत म्हणता येत होतं.) तिसऱ्यात चमचा आणि रबर यांच्या जोरावर एक आख्खं शहर काबीज होत होतं. कागद चहात बुडवून जुना करणं मात्र अकराही ठिकाणी होतं, आणि त्यातल्या नऊ ठिकाणी कागदाची कडही जाळायची होती. पूर्वीची माणसं जे काही लिहीत ते आधी विस्तवावर धरत आणि मग चहात टाकत, हे सत्य मुलांच्या मनावर इतक्या लहान वयात ठसवणारी दुसरी पद्धत नसेल.

पण नुसतं खोकं बघून निवड करणारा माणूस तराजू बघूनच शिक्का मारील. ग्रॅमसाहेबांनी तक्ता केला. तक्त्याला चौतीस रकाने होते. एकूण पानं, एकूण राजे, राजामागे पानं. कात्रीचा वापर, मोठ्यांच्या देखरेखीसह आणि देखरेखीविना. डिंकाची मोजदाद तर त्यांनी खात्याच्या पद्धतीने केली. धडा सुरू होण्यापूर्वी बाटलीचं वजन, धडा संपल्यावर बाटलीचं वजन, आणि मुलांच्या केसांना लागलेला डिंक अंदाजे वजा. त्यावरून असं निष्पन्न झालं की एका साम्राज्याला सरासरी चाळीस ग्रॅम डिंक लागतो, आणि साम्राज्य कोसळतं ते बहुतेक वेळा डिंक वाळण्यापूर्वीच.

इथे एक किरकोळ अडचण आली. नमुन्याच्या खोक्यात प्रत्येकाने पुढच्या धड्यांतल्या कृती चवीपुरत्या दिल्या होत्या, पण पूर्ण धडा असा पहिलाच तेवढा दिला होता, आणि इतिहास कुणीही लिहिला तरी पहिला धडा अश्मयुगाचाच असतो. प्रत्येक अभ्यासक्रमाला एक आठवड्याची समान संधी द्यायची, हा नियम ग्रॅमसाहेब मोडणं शक्य नव्हतं. त्यामुळे मुलं पहिल्या आठवड्यात अश्मयुग शिकली. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या खोक्यातून अश्मयुग शिकली. तिसऱ्या आठवड्यात धाकट्याने विचारलं की चाक कधी येणार, तेव्हा त्याला निवड झाल्यावर येईल असं सांगण्यात आलं.

पाचव्या आठवड्यापर्यंत मुलं या विषयात तरबेज झाली. खोक्यातल्या सूचना वाचून थोरली तुच्छतेने हसायची. सहाव्या आठवड्यात त्यांनी डिंक नाकारला, कारण अश्मयुगात तो बाटलीत मिळत नव्हता. जेवणाच्या टेबलावर घोंगडी टाकून त्यांनी खाली गुहा केली आणि दुपारी तिथेच राहू लागली. अंगणातले दगड आणून एकमेकांवर घासून ती धार काढत. जुन्या पोत्याचे धागे उसवून मांडीवर दोरी वळत. धाकट्याची दोरी इतकी पक्की होऊ लागली की बायकोने गुपचूप त्यातली आठेक हात दोरी कपडे वाळत घालायला बांधली. ग्रॅमसाहेब त्याच टेबलाशी, म्हणजे गुहेच्या छतावर कोपरं टेकून, संगणकात तक्ता भरत बसलेले असत.

आठव्या आठवड्यात थोरलीने खरोखरचा अग्नी पेटवला. काडी, दोरी, धनुकली, वाळका भुसा, सगळं पुस्तकाबाहेरचं. गच्चीच्या दाराजवळ आधी धूर झाला, मग ज्वाळा, मग पडद्याच्या कडेने पेट घेतला. त्या दिवशी बायकोला सुट्टी होती म्हणून बरं. तिने फरशी पुसायची बादली उचलली, पडद्यावर ओतली, दोन्ही मुलांचे हात उलटेसुलटे करून तपासले आणि मग वळून पाहिलं. ग्रॅमसाहेब तीन पावलांवर खुर्चीत होते.

"तुम्ही इथेच बसला होतात," ती म्हणाली.

"मी नोंद करत होतो."

"कसली?"

ग्रॅमसाहेबांनी संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. मुलांचा सहभाग या रकान्यात त्यांनी नुकतंच 'मध्यम' असं भरलं होतं.

बायको आवाज चढवणाऱ्यांतली नव्हती. तिने बादली जागेवर ठेवली, हात पुसले आणि सांगितलं, "तपासणीला तीन आठवडे उरलेत. तोवर ठरलं नाही, तर मी स्वतः मुलांना शाळेत पोचवून येईन. आणि पुढच्या अग्नीच्या वेळी तुम्ही उभे असाल."

त्या संध्याकाळी ग्रॅमसाहेब एकटेच गच्चीत बसले. हट्टी माणूस म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. बाजारात चुकीचं वजन सापडलं तर ते जप्त करता येतं, दुकानदाराला दुसरं आणायला सांगता येतं. मूल नऊ वर्षांचं एकदाच असतं. ते चुकलं तर पुन्हा तराजूत घालता येत नाही. आणि म्हणून, इतकी नाजूक गोष्ट घाईने ठरवू नये असं त्यांचं मत होतं, आणि ठरवेपर्यंत थोरली नऊची साडेनऊ वर्षांची झाली होती.

उरलेले आठवडे त्यांनी रक्ताचं पाणी केलं. अकरावं खोकं संपलं, बेरीज झाली, आणि दोन अभ्यासक्रमांना प्रत्येकी शंभरात एकाहत्तर पूर्णांक चार गुण पडले. ग्रॅमसाहेबांनी फेरमोजणी केली. तेवढेच. मग त्यांनी निवड समिती नेमली. समितीत अध्यक्ष तेच आणि सदस्यही तेच होते, तरी दोघांचं पटेना. शेवटी अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत राखून ठेवलं आणि तपासणीचा दिवस उजाडला.

शिक्षण कार्यालयाच्या तपासनीस बाई निवृत्तीला आलेल्या होत्या. चष्म्याला दोरी, काखेत फाइल, कपड्यांना कडक इस्त्री. बसायच्या आधीच त्यांनी इतिहासाचा अभ्यासक्रम मागितला. ग्रॅमसाहेबांनी सेहेचाळीस पानांचा बांधीव तक्ता पुढे केला. बाईंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला, डिंकापाशी जरा थांबल्या, आणि म्हणाल्या, यातला निवडलेला कोणता?

"निवड अंतिम टप्प्यात आहे," ग्रॅमसाहेब म्हणाले. खात्यात हे वाक्य आजवर कधी वाया गेलेलं नव्हतं.

बाईंनी तक्ता मिटला आणि मुलं कुठे आहेत म्हणून विचारलं. ग्रॅमसाहेबांनी टेबलाखाली बोट दाखवलं. बाईंनी वाकून मुलांना बाहेर यायला सांगितलं. आतून थोरलीचा आवाज आला की बाहेर हिमयुग आहे, बाईंनीच आत यावं. बाईंनी चष्मा काढून फाइलमध्ये ठेवला, गुडघे टेकले आणि घोंगडी वर करून आत गेल्या.

त्या चाळीस मिनिटं आत होत्या. ग्रॅमसाहेब बाहेर उभे राहून ऐकत होते. दगड घासल्याचा आवाज आला. दोरी कशी वळतात ते धाकट्याने बाईंना समजावून सांगितलं, बाईंचं चुकलं तेव्हा उसवून पुन्हा करायला लावलं. खाण्याची वाटणी कशी होते तेही झालं. जो आणतो त्याला आधी नाही, जो सर्वांत लहान त्याला आधी. (हा नियम सर्वांत लहानाने सुचवला होता, पण मतदान झालं होतं.) मग बाईंनी वर पाहिलं असावं. टेबलाच्या खालच्या बाजूला कोळशाने चित्रं काढलेली होती, आणि ग्रॅमसाहेबांनी ती कधीच पाहिली नव्हती. थोरली एकेक सांगू लागली. हे रेडे. ही आई, ती जाते, येते, खायला आणते, आग विझवते.

"आणि हा कोण? हा मोठा, बसलेला?"

"तो रोज दुपारी एका जागी बसतो," थोरली म्हणाली. "उजेडाकडे बघतो आणि मोजतो."

"त्याची शिकार करता का?"

"नाही," धाकटा म्हणाला. "तो आपल्यातलाच आहे. पण आत येत नाही."

ग्रॅमसाहेबांच्या हातात पेन्सिल होती. ती त्यांनी खिशात ठेवली. मग खिशातून काढून टेबलावर ठेवली. मग टेबल हे आता नुसतं टेबल राहिलेलं नाही हे ध्यानात येऊन तिथूनही उचलली.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना माती होती आणि मनगटात पोत्याच्या धाग्याचं कडं होतं. त्यांनी उभ्याउभ्याच अहवाल लिहिला. त्याची प्रत ग्रॅमसाहेबांनी जपून ठेवली आहे. विषय इतिहास. कालखंड अश्मयुग. प्रभुत्व असाधारण. मुलं दगडाला धार लावतात, दोरी वळतात, वाटून खातात आणि भांडण झाल्यास ते सूर्यास्तापूर्वी मिटवतात (या शेवटच्या बाबतीत प्रस्तुत कार्यालयाच्या बरीच पुढे). पालकांची प्रगती बेताची. पुढील तपासणी सहा महिन्यांनी. तोपर्यंत शेतीचा शोध लागणे अपेक्षित.

दारापर्यंत पोचवायला गेल्यावर ग्रॅमसाहेबांनी हळूच विचारलंच, की बरोबरीत असलेल्या दोन अभ्यासक्रमांपैकी बाईंनी कुठला घेतला असता. बाई चपला घालत म्हणाल्या, "तुम्ही अजून आत गेला नाहीत ना?"

ते गेले. त्यांची उंची पाच फूट अकरा इंच असल्यामुळे पाय बाहेरच राहिले. आत त्यांना सर्वांत शेवटची जागा आणि पोत्याचे धागे मिळाले. त्यांची दोरी थोरलीने तीन वेळा उसवली. चौथ्या वेळी टिकली, तेव्हा ती किती लांब झाली हे मोजायची त्यांना अनावर इच्छा झाली, पण धाकटा बघत होता. संध्याकाळी बायको कामावरून आली. तिने जेवणाच्या टेबलाखालून आलेली दोन ओळखीची पावलं पाहिली, पिशवी ठेवली आणि दोघांचा चहा टाकला. कागद बुडवायला नव्हे, प्यायला.

शेतीचा शोध पुढच्या पंधरवड्यात लागला. गुहेच्या कोठारात ठेवलेल्या हरभऱ्यांवर पाणी सांडलं आणि त्यांना मोड आले. कोठार नासलं म्हणून धाकटा रडू लागला. थोरली मात्र त्या पांढऱ्या शेपट्यांकडे बराच वेळ बघत राहिली, आणि मग उठून कुंडी शोधायला गेली. अकरापैकी एकाही खोक्यात ही कृती नव्हती. ग्रॅमसाहेबांनी कुंडीत माती भरली. किती भरली, ते त्यांना आज सांगता येणार नाही.

तक्ता त्यांनी नंतर इतर पालकांसाठी मोफत ठेवला. मागणी उत्तम आहे. आजवर चारशे बारा जणांनी तो मागवला. त्यातल्या चारशे नऊ जणांनी आभार मानून बारावा अभ्यासक्रम सुचवला आहे. उरलेल्या तिघांनी काहीच कळवलं नाही. त्यांची मुलं बहुधा चाकापर्यंत पोचली असावीत.

तुमचीही चुळबुळ आमच्या ध्यानात आली आहे. मघापासून तुमच्या मनात एकच घोळतंय, की एकाहत्तर पूर्णांक चारवाले ते दोन अभ्यासक्रम नेमके कोणते. विचारायला संकोच करू नका, दोन्हींचे पत्ते आहेत, पाठवून देऊ. फक्त शेजारच्या खोलीतला मुलांचा आवाज बंद होऊन बराच वेळ झाला आहे, तेवढं आधी बघून या.