नापास दरी

एका जंगलात मधोमध एक खोल दरी होती. दरीच्या अल्याड साळूआजी राहायची. साळू म्हणजे अंगभर काटे असलेली, माहीत नसेल तर आता झालं. तिची लेक दरीपल्याड दिलेली होती. लेकीचे दिवस भरत आले होते आणि आजीला काही उडी मारता येत नव्हती. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

दरबाराने लोखंडी पूल मंजूर केला. बारा तुकडे, एकमेकांना वेल्डिंग करून जोडायचे. काम मिळालं रावबा अस्वलाला. तपासणीला आले करकोचे साहेब. त्यांच्या काखेत कायम एक कोष्टक असायचं. त्यात लिहिलं होतं की दर तुकडा वीतभर कमी किंवा वीतभर जास्त भरला तरी चालेल.

रावबाने पहिल्याच दिवशी कुरकुर केली. वेल्डिंग केलं की लोखंड आकसतं, म्हणाला. माप कमीच भरतं, जास्त कधीच नाही. तेव्हा तुकडे थोडे लांब कापू द्या. साहेबांनी नकाशा पाहिला. नकाशात तसं काही नव्हतं, म्हणून विषय मिटला.

मग जोडलेला प्रत्येक तुकडा साहेब मोजू लागले. वीतभर कमी, पास. पुढचा वीतभर कमी, पास. बारा वेळा शिक्का उमटला. दर शिक्क्याला रावबा मान खाजवायचा आणि साहेब त्याला चहा पाजायचे.

उद्घाटनाला साळूआजी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन सगळ्यांच्या पुढे. तुरुतुरु पूल चालत गेली आणि टोकाला थांबली. पुढे बारा विती नुसती हवा होती.

चौकशी बसली. बाराही तुकडे पुन्हा मोजले, बाराही पास निघाले. रावबा निर्दोष, साहेब निर्दोष, कोष्टक तर जन्मापासूनच निर्दोष. पण अहवालात दोषीच्या नावाला जागा सोडलेली असते, ती काय रिकामी ठेवायची? साहेबांनी दरी मोजली.

"बारा विती जास्त आहे," ते म्हणाले. "नापास."

दरीच्या काठावर नोटीस चिकटवली. साहेबांना बढती मिळाली.

पल्याडून लेकीने बाळ उचलून दाखवलं. त्याचे काटे अजून मऊ होते. आजीने डबा उघडून लाडू दाखवले आणि मग तिला रडूच फुटलं.

"रावबा, तुझं काय चुकलं रे?"

"काहीच नाही, आजी. तेच तर."

तात्पर्य, वहीत नीट लिहून घ्या: चूक कधी एका जागी करू नये. बारा जागी वाटून, कोष्टकात बसेल एवढीच करावी. मग ती चूक राहत नाही, तिचा भूगोल होतो.